उजवीकडचा खिसा

सुवर्णानं कर्कटकाचं टोक माझ्या खिशाच्या टाक्यात घातलं आणि दोरा ओढला.

झेंडावंदन नुकतंच झालं होतं. शाळेच्या पटांगणात आम्ही सगळ्या मुली रांगेत उभ्या होतो. एक टाका तुटला. दुसरा तुटला. मायचे टाके बारीक, सहज सुटणारे नव्हते, म्हणून तिला जोर लावावा लागला. खिसा तीन बाजूंनी सुटला आणि लोंबायला लागला. खिशाखाली माझ्या सदऱ्याला बोटभर लांब चीर होती. आत मी काही घातलेलं नव्हतं. चिरेतून माझं अंग दिसलं.

"बघा," सुवर्णा म्हणाली. "हिच्या खिशाखाली चीर हाय. माझ्या खिशाखाली न्हाई."

मुली हसल्या. सगळ्या नाही, पण पुष्कळ. बाईंनी बघितलं आणि माझ्याकडेच डोळे वटारले. "जा, घरी जाऊन शिवून ये," म्हणाल्या. "खाऊ उद्या घे."

मी चिरेवर तळहात ठेवला आणि चालायला लागले.

लोकांना वाटतं, अशा वेळी आधी लाज वाटते आणि मग राग येतो. माझं तसं झालं नाही. रस्ताभर मी तिच्याच सदऱ्याचा विचार करत होते. नवा. कोरा. खळ न गेलेला. ती कर्कटक घेऊन जवळ आली तेव्हा त्या नव्या कापडाचा वास माझ्या नाकात गेला होता. मला तो सदरा हवा होता. पोटात भूक असते तसा हवा होता. मी जळत होते, आणि हे सांगताना मला कसलाच संकोच वाटत नाही.

ही गोष्ट उदगीरची, बहात्तरच्या मोठ्या दुष्काळातली. लढाई नुकतीच होऊन गेली होती. लढाईनं सगळं महाग करून ठेवलं होतं आणि उरलंसुरलं आभाळानं पूर्ण केलं. विहिरी खडखडीत. बा देगलूरच्या रस्त्यावर खडी फोडायला गेला होता. रेशनवर लाल मिलो, परदेशी ज्वारी, मिळायची. तिची भाकर थापताना चिरायची आणि खाताना घशात अडायची. कापड कंट्रोलच्या दुकानात कार्डावर यायचं, तेही कधीमधी. अंगावर नवं कापड ही गोष्ट आमच्या वस्तीनं सोडूनच दिली होती.

पण आमच्या घरात मशीन होतं. हातानं फिरवायचं जुनं मशीन. शेजारच्या खालाबी शिवणकाम करायच्या. त्यांनी मायला शिकवलं, आणि हैदराबादला लेकाकडं जाताना मशीन मायच्या हवाली केलं. माय शिवायची, मी दांडा फिरवायची. जुन्याचं नवं करायचं, हेच मायचं काम. धोतराचा परकर. परकराचं झबलं. झबल्यातून उरलेल्या चिंध्यांची वाकळ. सदऱ्याची कॉलर विरली की ती उसवून उलटी लावायची, झिजलेला भाग आत जायचा. रंग विटलेलं कापड पालथं करून शिवायचं. मायच्या हातातून गेलेलं कापड आणखी दोन वर्षं काढायचं.

हे जुनं यायचं आडत्याच्या घरून. आप्पांची आडत होती आणि कंट्रोलचं दुकानही त्यांचंच. त्यांच्या बायकोला सगळे आक्का म्हणायचे. सुवर्णा ही त्यांची मुलगी, माझ्याच वर्गातली. आक्का वाईट बाई होती असं मी म्हणणार नाही. ताक द्यायची, वरून द्यायची, ओंजळीत. जुने कपडे द्यायची. फक्त देण्याआधी कात्री घ्यायची.

आधी बटणं कापून काढायची आणि डब्यात टाकायची. मग सदरा असो, झंपर असो, त्याची घडी घालायची, कापडाचा धड भाग बघायचा आणि तिथं एक चीर मारायची. कर्रकन. आणि मग परसातल्या दगडावर टाकायची.

"अंगावरचं द्यायचं तर चिरून द्यावं," ती म्हणायची. "न्हाईतर घरची बरकत संगं जाती."

तिची घडी घालायची रीत एकच, म्हणून चीरही एकाच ठिकाणी पडायची. छातीवर, उजव्या अंगाला. कापड एवढं थोडं असायचं की ती बाजूला टाकून बेतायची सोय नव्हती. मग माय काय करायची? चिरेवर सरळ खिसा बसवायची. आमच्या अख्ख्या वस्तीच्या अंगावर उजवीकडं खिसा होता. पोरांना होता, पोरींना होता, म्हाताऱ्यांना होता. बायांच्या झंपरालासुद्धा होता. खिशात ठेवायला कुणाकडं काही नव्हतं.

त्या पावसाळ्यात, म्हणजे पाऊस न झालेल्या पावसाळ्यात, शाळेनं सांगितलं की झेंडावंदनाला गणवेश पाहिजे. कंट्रोलच्या दुकानात पांढरं कापड आलं. आमच्या कार्डावरही आलं. मी मायबरोबर गेले होते. आप्पा गादीवर बसले होते. कपाळाला भस्म, समोर पान.

"तुमच्या वाट्याचं कापड आलंय," ते म्हणाले. "कापड घिता का त्याच्या बदल्यात मिलो घिऊन जाता?"

माय माझ्याकडं बघितली नाही. "मिलो द्या," म्हणाली.

"माय, ते कापड माझं हाय," मी हळूच म्हणाले.

"खाशील काय ते?"

ती बरोबर होती. तरी मला ती बरोबर असलेली आवडली नाही.

तेच कापड दोन दिवसांनी आमच्या मशीनवर आलं. सुवर्णाचा सदरा शिवायला. बाजारातल्या शिंप्याला रोख द्यावं लागायचं, मायला शेरभर दाणे दिले की भागायचं. आमच्या हातचं शिवलेलं आक्काला चालायचं, फक्त उंबऱ्याशी त्याच्यावर पाणी शिंपडून मग आत न्यायची.

माप घ्यायला आम्ही परसात गेलो. सुवर्णाला हात लावायचा नाही, त्यामुळं माय दोरी, पट्टी काही वापरायची नाही. नुसतं बघायची. दगडापाशी उभी राहून बघायची.

"ताई, जरा फिरता का? हात वर करा. हाव. आता खाली."

माझ्याएवढ्या पोरीला माझी माय अहो-जाहो करत होती, ते एक सोडा. मला लागलं ते निराळंच. माय तिच्याकडं इतका वेळ बघत राहिली. खांदा, गळा, काख, कंबर. कुठं कापड ढिलं ठेवायचं, पोरगी वर्षात किती वाढंल, सगळं त्या नजरेत होतं. माझ्याकडं माय अशी कधी बघितली नव्हती. माझं माप घ्यायची वेळच यायची नाही. कापड जेवढं उरेल तेवढा माझा सदरा. मी तिथं उभी राहून माझ्या मायच्या डोळ्यांवर जळले. कापड तर तिनं घेतलंच, म्हटलं, आता माझी मायही घेतली.

सदरा सुरेख झाला. कॉलर ताठ, काजं एकसारखी. माझाही त्याच दिवशी झाला, आप्पांच्या जुन्या सदऱ्यातून. दोन्ही मीच दांडा फिरवून शिवून घेतले. दोन्हींना मायनं खिसा लावला. दोन्हींना उजवीकडं.

तिचा हात चुकला. चुकला म्हणजे काय, हाताला ती एकच जागा ठाऊक होती. आणि खरी गंमत अशी की मी शेजारी बसले होते आणि मलाही काही वावगं दिसलं नाही. खिसा उजवीकडंच असतो, असं मला वाटायचं. वस्तीबाहेरच्या कुणाच्या अंगावर मी तो नीट बघितलाच नव्हता.

शाळेत मात्र मुलींना दिसलं. सुवर्णा ऐटीत आली आणि एकजण ओरडली, "अगं, हा तर वस्तीतला खिसा!" मग सगळ्याच. "सुवर्णाला वस्तीतला खिसा!" सुवर्णा लालबुंद झाली. माझ्याकडं बघितली. माझा खिसा, तिचा खिसा. मला इतका आनंद झाला की काय सांगू. त्या एका सकाळी, झेंडा वर जाऊन गाणं संपेपर्यंत, आम्ही दोघी सारख्या होतो.

तेवढंही तिला सोसलं नाही. ती वर्गात गेली आणि कर्कटक घेऊन आली. पुढचं सांगितलंच आहे.

घरी आल्यावर मी मायला सगळं सांगितलं. तिनं सुई ओवली आणि माझ्या अंगावरच खिसा पुन्हा टाचला. टाके घाईघाईनं, वेडेवाकडे पडत होते. मला वाटलं, माझ्या काळजीनं पडतायत. तसं नव्हतं. तिला कळलं होतं की चूक झाली, आणि आता बोलावणं येणार.

दुपारी आलंच. आम्ही परसात जाऊन उभ्या राहिलो. आक्कानं सदरा दगडावर फेकला.

"नव्या कोऱ्या कापडाला भिकाऱ्याचा खिसा लावलीस? माझी पोरगी रडून रडून आलीय."

"हात चुकला, आक्का."

"डोळे कुठं होते?"

डोळे तिच्याच पोरीच्या मापावर होते, ते मला माहीत होतं. मायनं तिथंच बसून खिसा उसवला आणि डावीकडं लावला. उजवीकडं सुईची भोकं राहिली होती, ती नखानं घासून बुजवली. आक्कानं सदरा बघितला, पाणी शिंपडलं आणि तिचा राग उतरला. मग तिचं लक्ष माझ्याकडं गेलं.

"पोरीला उगं रडवली सुवर्णानं," ती म्हणाली. मी रडले नव्हते. "थांब जरा."

ती आत गेली आणि बाहेर आली ती मोरपंखी फ्रॉक घेऊन.

त्या फ्रॉकबद्दल सांगायला पाहिजे. हैदराबादहून आणलेला, तयार. गळ्याला झालर, पाठीवर फीत. मागच्या दिवाळीत सुवर्णा तो घालून रस्त्यानं गेली तेव्हा मी नळावर होते, घागर भरून वाहत होती तरी मला भान नव्हतं. तेव्हापासून मी त्या फ्रॉकसाठी झुरले होते. आता तो तिला आखूड झाला होता. ती अंगानं भरली होती, मी काटकी. म्हणजे मला तो नेमका बसणार होता. उसवायला नको, पालथा करायला नको, जोडायला नको. जसाच्या तसा. माझ्या मापाचं पहिलं कापड.

आक्काच्या दुसऱ्या हातात कात्री होती.

तिनं फ्रॉकची घडी घातली. धड भाग शोधला. जणू ती कात्री माझ्याच अंगावर येत होती. आणि मी बोलले. ठरवून नाही. तोंडातून निघून गेलं.

"चिरू नका."

आक्काला वाटलं, मी लाडात आले. ती हसली. "रीत हाय बाई ती. तुझी माय लावंल की खिसा."

"आख्खा द्या, न्हाईतर ठेवा."

"काय म्हणलीस?"

"आख्खा द्या. न्हाईतर तुमच्यातच ठेवा."

मायनं माझ्या तोंडावर हात दाबला. "ल्हान हाय, आक्का. तिला कळत न्हाई."

मी तो हात बाजूला केला. "कळतंय मला."

आक्काचा चेहरा बदलला. ओरडली नाही. कात्री चालवली, एकदा नाही, दोनदा. गळ्यापासून कमरेपर्यंत फ्रॉक फाटत गेला. मग तिनं तो फ्रॉक मायच्या पायाशी टाकला.

"दुष्काळात बी ताठा बघा केवढा," ती म्हणाली. "उद्यापासून येऊ नगंस."

माय वाकली आणि फ्रॉक उचलला. मी तिला दोष देत नाही. कापड होतं ते. तिनं रस्त्यात मला मारलं, पाठीत, दंडावर, जिथं लागेल तिथं. "तुझ्या ताठ्यानं चूल इझली," म्हणत होती आणि मारत होती. तेही खरंच होतं. आठवड्याभरात ती बाबरोबर खडी फोडायला गेली. शिवायचे हात दगडावर पडले, बोटं फुटली.

जाण्याआधी तिनं तो फ्रॉक दुरुस्त केला. एवढ्या मोठ्या चिरेवर खिसा कुठला पुरणार? तिनं फीत काढून मधोमध उभी शिवली, झालर कापून तिच्या दोन्ही कडांना लावली. आधीपेक्षा देखणा झाला. मुद्दाम तसा शिवला होता की काय, असं कुणालाही वाटलं असतं. तिनं तो खुंटीला अडकवला आणि म्हणाली, "घाल आता."

मी घातला नाही. तो दुष्काळभर खुंटीला होता. रोज सकाळी उठले की पहिल्यांदा तोच दिसायचा. मला तो हवा होता, शपथेवर सांगते, रोज हवा होता. एकदा घरात कुणी नसताना मी त्याची झालर ओठांना लावली. पण अंगात घातला नाही. आप्पांच्या सदऱ्याचा गणवेशही घडी करून ठेवून दिला. बा खडीच्या कामावरून घरी आला तेव्हा मी त्याला म्हणाले, "बा, तुमचा पटका द्या." त्यानं का म्हणून विचारलं नाही. डोक्यावरचा पटका सोडला आणि दिला. घामाचे डाग पडलेला, पातळ झालेला, पण लांबच लांब आणि कुणाच्या कात्रीचा नसलेला. फुटलेल्या बोटांनी मायनं त्याचा सदरा शिवला. यावेळी ती माझ्याकडं बघितली, आधी रागानं, मग मापानं. त्याला खिसा लावला नाही.

तो सदरा घालून मी शाळेत गेले. मुली त्यालाही हसल्या. हिवाळ्यापर्यंत तो कोपरावर फाटला. सुवर्णाचा सदरा तेव्हाही नव्यासारखा होता, आणि मी तेव्हाही जळत होते. त्यानं काही फरक पडला नव्हता. एवढंच समजलं होतं की तिचं उतरलेलं मला नको. तिच्याइतकं पाहिजे.

पुढं लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादेतून आमचे तालुके निघाले आणि लातूरला कचेऱ्यांवर कचेऱ्या आल्या. इतके शिपाई, इतके चालक, सगळ्यांना खाकी लागायची. मी तेव्हा लातूरला बिऱ्हाड केलं होतं, मायला घेऊन. पायानं चालवायचं मशीन होतं. खाकीची कामं मिळायला लागली. कापड घ्यायला मी मोठ्या दुकानात गेले आणि गल्ल्यावर सुवर्णा होती. त्या घरात तिला दिली होती.

तिनं मला ओळखलं. खरोखर आनंदानं ओळखलं. चहा मागवला, तोही कपात. मी जिथं बसले होते तिथून तीन भिंती दिसत होत्या, खालून छतापर्यंत कापडाची थानंच थानं. कोरी. सगळ्यांच्या कडा न उलगडलेल्या. त्या एका वासानं मी पुन्हा शाळेतली पोरगी झाले.

"किती बरं वाटलं तुला बघून," ती म्हणाली. "आणि हात तर तुझ्या आईचाच आलाय. असं कर ना, आमच्याकडंच बस. दुकानाच्या मागं खोली हाय. मशीन आम्ही देतो, कापड बाहेरून आणायची कटकट न्हाई. गिऱ्हाईक आम्ही पाठवू."

"मागं?"

"हाव, मागं. पुढं गर्दी असती, उगं बरं दिसत न्हाई."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. आपण काय बोललो ते तिला ऐकूसुद्धा आलं नाही. घरी सांगितलं तर माय म्हणाली, "घे की. बसल्या जागी काम. आता तरी समाधान मान." शेजारीणही तेच म्हणाली. सगळे मला समाधान मानायला सांगत होते, आणि मी सुवर्णाच्या तीन भिंती मोजत होते. माझ्या मायनं नुसत्या नजरेनं बेतलेले कपडे सुवर्णानं घातले. आमच्या कार्डावरचं कापड तिनं घातलं. मग ह्या भिंती तिच्या कशा आणि मागची खोली माझी कशी?

हेवा करू नये म्हणतात. असं म्हणणाऱ्यांच्या अंगावर मी चांगलं कापड बघितलंय. माझ्यातला हेवा काढून घेतला असता तर मी आजही त्या परसात दगडापाशी उभी असते आणि खाली पडलेलं उचलत असते. मी तो सोडणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुवर्णाला नाही म्हणून सांगितलं आणि तिथूनच नगरपालिकेत गेले. बाजारात नवे गाळे निघाले होते. बाबूनं वर न बघताच विचारलं, "कुठला पाहिजे?"

मी सुवर्णाच्या दुकानाचं नाव सांगितलं. "त्याच्या समोरचा."

आता त्यानं वर बघितलं. माझी साडी बघितली, हात बघितले, आडनाव विचारलं. मग म्हणाला, "तो मोठे लोक मागायलेत. तुम्हाला मागच्या रांगेत एक देतो की. लगेच मिळंल."

"समोरचा," मी म्हणाले.

"न्हाई मिळाला तर?"

"उद्या येते."

मी दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. तो मला बघून मान फिरवायला लागला, तरी गेले. मागच्या रांगेतला गाळा त्यानं दोनदा पुढं केला, मी दोनदा परत केला. माय घरात बडबडत राहिली, कामं अडून राहिली. मला त्याच रस्त्यावर, त्याच उजेडात, तिच्या दारासमोर माझं दार पाहिजे होतं, आणि माझ्या भिंतीला लावलेलं पहिलं थान तिला तिच्या गल्ल्यावरून दिसायला पाहिजे होतं. त्याच्याहून कमी मी घेणार नव्हते.